आधी समिधा, मग अग्नी

ख्रिस्ती मंडळीच्या वर्षात एक काळ असा येतो की, ज्यात प्रत्येकाने आपल्या अंतःकरणाचा जमाखर्च स्वतः मांडून स्वतःच तपासावा, अशी अपेक्षा असते. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत चालणाऱ्या या उपवासकाळात कोणी मांसाहार वर्ज्य करतात, कोणी सायंप्रार्थना चुकवीत नाहीत, कोणी वर्षभर दुरावलेल्या भावाच्या घरी जाऊन तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करतात. परंतु या सर्वांच्या मनात, उघडपणे बोलून न दाखविलेली, एक खंत बहुधा समान असते, आणि ती ही की, आपल्या श्रद्धेतील पूर्वीची ऊब गेली आहे, प्रार्थनेचे शब्द ओठांवर आहेत पण मन त्यांच्या मागे नाही, आणि ज्या वधस्तंभाकडे पाहून एके काळी डोळे भरून येत, तो आता भिंतीवरील जुन्या तसबिरीसारखा केवळ सवयीने दिसतो. ही खंत प्रामाणिक आहे आणि ती ज्याला वाटते त्याचा आदरच करावयास हवा. मात्र तिच्यावर जो उपाय सर्रास सुचविला जातो, त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

तो उपाय असा की, एखादी संजीवन सभा भरवावी, बाहेरगावचा नामांकित वक्ता आणावा, तीन रात्री मांडव गर्दीने फुलावा, गायन व्हावे, अश्रू वाहावेत, आणि त्या धगीत मंडळीतील थंडावलेली अंतःकरणे पुन्हा पेट घ्यावीत. अशा सभा निरर्थक असतात असे मी म्हणणार नाही. माझ्या स्वतःच्या आयुष्यातील काही मोलाचे क्षण अशाच मांडवाखाली आले, हे कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु मांडव उतरल्यावर महिन्याभरात तीच माणसे, त्याच बाकांवर, त्याच उदास चेहऱ्यांनी बसलेली मी अनेकदा पाहिली आहेत, आणि त्यांत मीही होतो. मग असे वाटू लागते की, आपण क्रमच चुकविला आहे. ख्रिस्ती जीवनात आवेश आधी आणि प्रीतीची कृत्ये मागून, असे आपण धरून चाललो आहोत. वस्तुतः स्वतःला खर्ची घालणारी प्रीती आधी आणि तिच्या पोटी आवेश, असाच क्रम पवित्र शास्त्राने सांगितला आहे आणि असाच तो आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर, केडगावच्या माळावर, एकदा प्रत्यक्ष सिद्ध झालेला आहे.

शास्त्राचा दाखला आधी पाहू. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आसिया प्रांतातील सात मंडळ्यांना जी सात पत्रे आहेत, त्यांतील पहिले इफिस येथील मंडळीला आहे. ती मंडळी आळशी नव्हती. तिचे श्रम, तिची सहनशीलता, खोट्या प्रेषितांना पारखून दूर ठेवण्याची तिची दक्षता, या सर्वांची त्या पत्रात मोकळेपणाने प्रशंसा केलेली आहे. तिच्यावर ठेवलेला दोष एकच, की तिने आपली पहिली प्रीती सोडली. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, या दोषावर जो इलाज सांगितला, त्यात कोणत्याही भावनेचा उल्लेख नाही. आपण कोठून पडलो हे आठवावे, पश्चात्ताप करावा, आणि आरंभी जी कृत्ये करीत होतो ती पुन्हा करू लागावी, एवढेच त्या मंडळीला सांगण्यात आले. हरवलेली प्रीती मनात शोधीत बसू नका, ती जेथे राबत होती तेथे परत जा, हा त्याचा अर्थ.

जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याची कथाही हेच सांगते. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरला, तेवढाच भाग आपल्या प्रवचनांत रंगवून सांगितला जातो. पण अग्नी उतरण्यापूर्वी एलीयाने काय काय केले ते फारसे कोणी सांगत नाही. त्याने प्रथम मोडून पडलेली वेदी बारा धोंड्यांनी पुन्हा बांधली, तिच्यावर लाकडे रचली, बली ठेवला, आणि त्यानंतर चार घागरी पाणी तीन वेळा त्यावर ओतविले. देशात वर्षानुवर्षे पाऊस नव्हता, राजाच्या घोड्यांसाठी चारा मिळेना अशी अवस्था होती, अशा दुष्काळात पाण्याहून मौल्यवान असे काय होते? जे सर्वांत दुर्मिळ, तेच वेदीवर ओतले गेले, आणि मग अग्नी आला. रिकाम्या वेदीवर अग्नी उतरल्याचे उदाहरण मला शास्त्रात आढळलेले नाही. आपल्या देशातील यज्ञपरंपरेत वाढलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण समिधेवाचून होम होत नाही हे त्याला ठाऊकच आहे.

आता केडगावकडे वळतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र महाराष्ट्राला सामान्यतः एक विदुषी, एक समाजसुधारक आणि एका मोठ्या वादाचे केंद्र म्हणून ज्ञात आहे. १८५८ साली जन्मलेली ही वेदशास्त्रसंपन्न अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या आईकडून संस्कृत शिकली, आणि दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण अशी तिघे एकामागून एक गेलेली तिने पाहिली. आईचे प्रेत वाहून न्यावयास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा चौथा खांदा रमाबाईंनी दिला, आणि उंची कमी म्हणून तो भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. पुढे भावाबरोबर पायी देश पालथा घालताना झेलमच्या काठी, अंगावर पांघरूण नाही म्हणून, नदीच्या वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्या दोघांनी थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या स्त्रीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, ती या वाटेने तेथे पोहोचली होती, हे विसरता कामा नये. कारण पुढे अठरा वर्षांनी तिने जे केले, त्याचे मूळ या वाळूत आहे.

१८८३ साली इंग्लंडात गेल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या स्वीकारामागे धर्मशास्त्राचा ऊहापोह जेवढा होता तेवढेच एक प्रत्यक्ष दृश्यही होते. लंडनमधील फुलम येथे वाँटेजच्या धर्मभगिनींनी चालविलेल्या आश्रमात, समाजाने टाकून दिलेल्या पतित स्त्रियांची त्या भगिनी कोणताही तिटकारा न दाखविता सेवा करीत आहेत, असे रमाबाईंनी पाहिले. हे तुम्ही कशासाठी करता, असे विचारल्यावर त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली, आणि तेथे त्यांचे मन वळले. म्हणजे त्यांना ख्रिस्ताचे पहिले दर्शन घडले ते कोणाच्या तरी मळलेल्या हाताला दुसऱ्याने दिलेल्या हातात. परंतु आपली कहाणी सांगताना त्यांनी स्वतःच प्रांजळपणे कबूल केले आहे की, बाप्तिस्मा घेतल्यानंतर आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे प्रवचने देणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर आपण अजून आतून कोरडे आहोत याचा साक्षात्कार झाला होता. ते वाचून रमाबाईंना आपली गरज कळली. एवढी विद्या, एवढी कीर्ती, शारदा सदनासारखी स्त्रीशिक्षणाची संस्था पदरी असता अंतःकरण कोरडे असू शकते, ही कबुली देणारी स्त्री माझ्या दृष्टीने या विषयावर बोलण्याचा सर्वांत मोठा अधिकार बाळगते.

यानंतर पाच वर्षांनी, १८९६ मध्ये, मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपण ज्या भुकेतून गेलो ती भूक पुन्हा हजारो मुलींच्या वाट्यास आली आहे, हे वाचून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. त्यांच्याजवळ त्या वेळी यासाठी राखून ठेवलेला निधी नव्हता. रस्त्यांवर, सरकारी दुष्काळी छावण्यांच्या आसपास, केवळ भुकेनेच नव्हे तर मुलींचा व्यापार करणाऱ्या हातांनीही घेरलेल्या सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा अंमल होता. एवढ्या मुली शहरात ठेवण्यास सरकारी मनाई झाली, म्हणून पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावला त्यांनी जी शेतजमीन घेऊन ठेवली होती, तेथे या मुलींची तात्पुरती तजवीज करण्यात आली. तेथे विहिरी खणल्या, घरे उभी राहिली, आणि तेच मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्यांना कोठेच थारा नव्हता अशा स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलमला जे पाहिले होते ते केडगावला उगवले. अंध मुलींना ब्रेलच्या ठिपक्यांवरून वाचावयास शिकविण्यात येऊ लागले. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, शेती, छापखाना, सर्व कामे मुलींच्या हातांनी चालत.

आणि नऊ वर्षे असे राबल्यानंतर, १९०५ च्या जून महिन्यात, तेथे ते घडले ज्याला जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या ‘मुक्तीचे संजीवन’ म्हणून ओळखतात. वेल्समध्ये १९०४ साली मोठी जागृती झाल्याची वार्ता आली होती. रमाबाईंनी जानेवारीत सुमारे सत्तर जणींना बरोबर घेऊन दररोज पहाटे प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. मग एका रात्री मुलींच्या शयनगृहात पापांची कबुली, रडणे, प्रार्थना आणि आनंद यांचा असा पूर लोटला की, कित्येक दिवस शाळेचे व कामाचे वेळापत्रक बाजूला राहिले. बाहेरच्या जगाला यातील गलबला तेवढा दिसला. परंतु या घटनेचे सार त्या गलबल्यात नव्हते. पुढे या मुली पाळीपाळीने जथे करून आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या आणि इतर सर्वजणी पुन्हा जात्यापाशी, मागापाशी, आजाऱ्यांच्या खाटांपाशी परतल्या, येथे ते सार होते.

वेल्सची वार्ता त्या वर्षी अनेक देशांतील मंडळ्यांनी वाचली, पहाटेच्या प्रार्थनाही अनेकांनी केल्या असतील. परंतु केडगावला वेदी आधीच बांधलेली होती. प्रत्येक मुलीमागे कोणी तरी जागविलेली रात्र होती, कोणी तरी भरविलेला घास होता, उवांनी भरलेले डोके कोणी तरी आपल्या मांडीवर घेतले होते. पवित्र आत्म्याच्या कार्याचा कार्यकारणभाव लावण्याचा अधिकार मला नाही; पण अग्नी जेथे उतरला तेथे समिधा रचून ठेवलेल्या होत्या, एवढी गोष्ट कोणत्याही डोळस माणसाला दिसण्याजोगी आहे.

येथे दोन आक्षेपांचा परामर्श घेणे अवश्य आहे. पहिला असा की, रमाबाईंचे कार्य धर्मांतराच्या वादापासून अलग करता येत नाही. हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्यास आलेले शारदा सदन याच प्रश्नावरून वादळात सापडले, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या त्यांच्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंना मनस्वी माणसे होती. परंतु ज्या वर्षी हा वाद पेटला, त्याच वर्षी सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई या महर्षी कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाल्या, आणि स्त्रीशिक्षणाची एक स्वतंत्र धारा त्या घरातून वाहिली. एका संस्थेने दिलेले प्रेम तिच्या कुंपणापुरते राहत नाही, हे याहून अधिक काय सिद्ध व्हावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यागाची स्तुती करणे सोपे आणि धोक्याचेही आहे, कारण आपल्या समाजाने शतकानुशतके त्यागाच्या नावाखाली दुर्बलांकडूनच सर्व काही उकळले. बालविधवेचे केशवपन करून तिला कोपऱ्यात बसविले आणि त्याला वैराग्य म्हटले. सुनेला अर्धपोटी ठेवले आणि त्याला सोशिकपणा म्हटले. ख्रिस्ती घरांतही, मार खाणाऱ्या पत्नीला वधस्तंभाचे नाव घेऊन गप्प बसविणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते ऐकताना माझी मान शरमेने खाली गेली आहे. हिसकावून घेतलेल्या वस्तूला दान म्हणत नाहीत. आपला जीव कोणी आपल्यापासून घेत नाही, आपण तो होऊन देतो, असे ख्रिस्ताने स्वतःच्या मरणाविषयी सांगितले, आणि ख्रिस्ती त्यागाची सारी प्रतिष्ठा त्या स्वेच्छेत आहे. रमाबाईंनी आपले आयुष्य वेचले ते याच भेदासाठी: ज्यांच्यावर त्याग लादला गेला होता त्या मुलींची त्यातून सुटका करण्याकरिता स्वतः होऊन त्याग करणारी ती स्त्री होती. जो उपदेशक त्यागाचा उपदेश नेहमी आपल्याहून दुबळ्यालाच करतो, त्याचा उपदेश ऐकू नये.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील एक त्याग मला विशेष हृदयस्पर्शी वाटतो, कारण तो डोळ्यांत भरणारा नाही. १९०५ च्या त्या महान घटनेनंतर त्या देशोदेशी साक्ष देत फिरल्या असत्या, तर त्यांना श्रोते कमी पडले नसते. त्याऐवजी त्या केडगावी बसून हिब्रू व ग्रीक मूळ संहितांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. ते भाषांतर खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजावे असे त्यांना हवे होते, म्हणून त्यांनी बुद्ध्या संस्कृतप्रचुर शब्द टाळले. ज्या भाषेने त्यांना अन्न दिले, मान दिला, पदवी दिली, ती जिभेवर असताना बाजूला ठेवून घरगुती मराठीत उतरणे, हा पंडिताच्या दृष्टीने लहान त्याग नव्हे. या कामाचे खिळे मुक्तीच्याच मुलींनी जुळविले आणि पृष्ठे त्यांनीच छापली. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्या हाती कारभार सोपवावयाचा होता ती, वारली. आईचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, उपवासकाळातच, रमाबाईंनी देह ठेवला तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

वयाच्या उतारावर आवेश नवा होतो कसा, याचे याच पिढीतील दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने बावीस वर्षांनंतर, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि ख्रिस्ताच्या भक्तीला या मातीतील संन्याशाचे रूप दिले. त्यानंतर ते दोनच वर्षे जगले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. निवृत्तीच्या वयात सुरक्षितता सोडणे आणि दिवंगत पतीचे काम आपले म्हणून उचलणे, या दोन्ही कृत्यांच्या मुळाशी तीच एक प्रीती आहे.

आजच्या आपल्या मंडळीकडे पाहताना मला म्हणूनच चिंता वाटते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास आहेत. म्हणजे संख्येच्या बळावर आपल्याला ओळखले जाण्याचा संभव नाही, ओळखले गेलो तर ते आपल्या हातून घडलेल्या कामावरूनच. पण आपण आपला वेळ कशात घालवितो? एका मंडळीच्या वार्षिक सभेस मी बसलो होतो. कंपाउंडच्या भिंतीचा दावा, विश्वस्तांच्या निवडणुकीतील हरकती आणि धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी दाखल झालेले अर्ज, यांवर तीन तास चर्चा झाली. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या भेटीचा विषय शेवटी निघाला, तेव्हा वेळ संपला म्हणून तो पुढील बैठकीवर ढकलण्यात आला. त्या सभेत दुष्ट मनुष्य एकही नव्हता, सर्व सज्जन होते. आणि त्याच सभेने, अंतःकरणे थंडावली आहेत म्हणून, संजीवन सभेसाठी रक्कम मंजूर केली.

लेवीयाच्या ग्रंथात वेदीवरील अग्नी विझू देऊ नये अशी आज्ञा आहे, आणि त्यासाठी याजकाने दररोज सकाळी तिच्यावर लाकडे ठेवावीत असे सांगितले आहे. अग्नी देवाचा, पण लाकडे वाहण्याचे काम माणसाचे, आणि तेही रोजचे. आपल्याभोवती लाकडांची वाण नाही. शहरातील प्रत्येक वस्तीत मुले परदेशी गेलेले एकटे वृद्ध आहेत. इस्पितळांच्या व्हरांड्यांत खेड्यांतून आलेले, कोणता कागद कोठे न्यावा हे न कळणारे नातेवाईक रात्र रात्र बसून असतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले शाळेबाहेर राहतात. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांत कोणी पाऊल टाकीत नाही. यांपैकी कोणाकडेही जाण्यासाठी मंडळीच्या ठरावाची, निधीची वा वक्त्याची आवश्यकता नाही. आणि ज्याच्याकडे आपण जाऊ त्याचा धर्म विचारण्याचीही नाही, कारण जखमी वाटसरूला आपल्या जनावरावर बसवून नेणाऱ्या शोमरोन्याने तो विचारला नव्हता.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे की, या उपवासकाळात मन कोरडे वाटत असेल तर ते भिजण्याची वाट पाहत बसू नका. ज्या दिवशी प्रार्थनेत गोडी वाटणार नाही, त्या दिवशी उठा आणि एका माणसाच्या दारात जा. त्याच्यासाठी आपला वेळ, आपला पैसा, आपली झोप यांतील काही तरी, जाणवेल इतके, खर्च करा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. प्रत्येक मंडळीने मांडवासाठी जेवढी रक्कम मंजूर केली असेल, तेवढीच या कामासाठी आधी मंजूर करावी, आणि मग खुशाल मांडव घालावा. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे, आणि निराधार स्त्रिया व मुले आजही तेथे आश्रयाला येतात.